मराठवाड्यात सुगंधी जिरेनियम: लावणीपासून तेलापर्यंत, पावसाळ्याचा हिशेब धरून

मराठवाड्यात जिरेनियम लावायचं म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "आपल्या उन्हात टिकेल का हो ते?" टिकतं. ठिबक असेल आणि मुळाशी ओल असेल तर मे महिन्यात पानं जरा कडक होतात, वाढ मंदावते, पण झाड तग धरतं. ते जातं ऑगस्ट-सप्टेंबरात, काळ्या रानात दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की. एप्रिलमध्ये बघत राहावा असा प्लॉट दसऱ्याला अर्धा रिकामा होतो आणि शेतकरी म्हणतो, रोपंच खराब दिली. रोपं बहुतेक वेळा बरी असतात, मुळांना हवा मिळालेली नसते. म्हणून लावणीपासून तेलापर्यंतच्या पायऱ्या सांगताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायला लावणार आहे: पाणी मुळाशी थांबतंय का?

आपल्याकडचा पाऊसच तसा आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडची शेतं पुरात गेली. दोन-तीन वर्षं एकाच जागी राहणारं पीक घ्यायचं, तर ही दोन्ही टोकं डोक्यात ठेवूनच जमीन निवडावी लागते.

झाड मुळात कुठलं

तेलासाठी लावतात ते जिरेनियम म्हणजे शास्त्रीय भाषेत 'पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्स' आणि त्याच्या जवळच्या जातींचे संकर. जिरेनियमच्या कुळातलं हे बहुवर्षीय झुडूप दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि मोझांबिकच्या डोंगराळ भागात रानात उगवतं. तिथं ते अर्धवट सावलीत, उतारावर, निचऱ्याच्या मातीत वाढतं. ही सवय लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. लिनियसनं १७५३ मध्ये हे सगळं गणगोत जिरेनियम या एकाच प्रजातीत ठेवलं होतं. १७८९ मध्ये लेरिटिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण शेतात आणि बाजारात जुनंच नाव चालू राहिलं. हिमालयात रानोमाळ दिसणारं खरं जिरेनियम वेगळं, आणि नर्सरीत लाल-गुलाबी गुच्छांसाठी विकतात तेही वेगळं. त्या फुलांच्या कुंड्यांमधून तेल मिळत नाही. पान चुरडून बघा, गुलाबासारखा वास आला पाहिजे.

तेल पानातच असतं. पानावरच्या बारीक लवेच्या टोकाला ग्रंथी असतात, त्यात ते साठतं. म्हणून फुलं किती आली याला महत्त्व नाही, आणि पाला विनाकारण हाताळला, तुडवला, ढीग करून दाबला की तेल तिथंच उडायला लागतं.

लागवडीचे वाण संकरित असल्यामुळे बी धरत नाहीत. लागवड फांदीच्या कलमांनीच होते. 'जिरेनियमचं बियाणं' म्हणून कुणी पाकीट विकत असेल तर ते फुलांच्या जातीचं असणार.

भारतात हे पीक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या डोंगरांवर, येरकाड आणि निलगिरीकडे आलं. पुढं लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेनं, म्हणजे सीमॅपनं, मैदानी भागातल्या लागवडीवर काम केलं. हेमंती, बिपुली, कुंती, सिम-पवन हे वाण तिथले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या सरकारी मोहिमेनंतर आपल्याकडे या पिकाची चर्चा वाढली. सीमॅपचं एक संशोधन केंद्र हैदराबादला आहे. नांदेड, लातूरच्या शेतकऱ्याला ते लखनौपेक्षा कितीतरी जवळ पडतं. रोपं घेण्याआधी तिथं एक चक्कर मारावी.

लावण्याआधीचा हिशेब

एक टन ताज्या पाल्यातून साधारण एक किलो तेल निघतं. वाण चांगला, हवा कोरडी आणि डिस्टिलेशन, म्हणजे वाफेनं तेल काढणं, नीट झालं तर दीड किलोपर्यंत जातं. पावसाळी पाल्यातून एक किलोही निघत नाही. दहा गुंठ्यांच्या चांगल्या प्लॉटमधून एका कापणीला टनाच्या आसपास पाला धरा. म्हणजे दहा गुंठे, एक कापणी, एक किलो तेल. वर्षाला तीन कापण्या. कुणी यापेक्षा फार मोठा आकडा सांगत असेल तर त्याच्या प्लॉटवर जाऊन कापणीच्या दिवशी वजनकाट्यापाशी उभे राहा.

दुसरा प्रश्न डिस्टिलेशन युनिटचा. कापलेला पाला दुसऱ्या दिवशी टाकीत पडला पाहिजे. वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत युनिट नसेल तर आधी त्याची सोय लावा, मग रोपांची ऑर्डर द्या. एकट्यानं युनिट घालण्याइतका पाला दहा-वीस गुंठ्यांतून निघत नाही. गावातले पाच-सहा जण किंवा एखादी शेतकरी उत्पादक कंपनी एकत्र येऊन पाच-सहा एकर झाल्यावर ५०० किलोचं युनिट परवडायला लागतं. ज्यांनी हे आधी न बघता एकर-दोन एकर लावलं, त्यांचा पाला बांधावर वाळताना मी बघितलाय. त्या घरांनी रोपांना दिलेला पैसा उसनवारीचा होता, म्हणून हे कळकळीनं सांगतो.

तिसरा प्रश्न करारांचा. रोपं विकणाराच तेल किंवा पाला परत घेण्याचं वचन देतो. करार वाचा: भाव किती वर्षांसाठी ठरलाय, तेलाची गुणवत्ता कोण ठरवणार, माल उचलला नाही तर काय. या तिन्हींची उत्तरं कागदावर नसतील तर तो करार फक्त रोपं खपवण्यासाठी आहे असं समजा. तेलाचे भाव वरखाली होतात, जगातला मोठा माल इजिप्त आणि चीनमधून येतो आणि तिथल्या पिकावर इथला दर हलतो. स्वतः किमान तीन खरेदीदारांशी बोला.

ज्यांच्याकडे ठिबकपुरतंही खात्रीचं पाणी नाही, जमीन बरड आहे, त्यांनी जिरेनियमच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी रोशा गवत आहे. त्याच्या तेलातही गुलाबी वासाचं जिरेनिऑल भरपूर असतं, खानदेश-निमाड पट्ट्यात ते पूर्वापार काढलं जायचं आणि ते आपल्याच मातीतलं आहे. त्याला एवढे लाड लागत नाहीत.

पायरी पहिली: जमिनीची परीक्षा

मध्यम, मुरूम मिसळलेली, उताराची जमीन सगळ्यात चांगली. बालाघाटच्या डोंगररांगेत, अंबाजोगाई-पाटोद्याकडं, किंवा संभाजीनगर-जालन्याच्या मोसंबीच्या पट्ट्यात अशी रानं मिळतात. गोदावरीकाठची भारी काळी जमीन कापसाला, उसाला चांगली, पण इथं धोक्याची. चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी चिकट जमीन असेल तर विषयच सोडून द्या.

निचरा बघण्यासाठी दीड फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-सहा तासांत जिरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पाणी दिसलं तर तिथं सपाटीवर जिरेनियम लावू नका.

ही परीक्षा उन्हाळ्यात करणारे फसतात. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळलेली असते, ओतलेलं पाणी भेगांतून खाली निघून जातं आणि रान निचऱ्याचं वाटतं. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर माती फुगते, भेगा मिटतात, आणि तेव्हा त्याच खड्ड्यात पाणी दोन दिवस हलत नाही. म्हणून खड्डा घ्यायचा तो ऑगस्टमध्ये, वापसा आल्यावर, म्हणजे चिखल सरून माती नुसती ओलसर राहिल्यावर. लावण डिसेंबरात करायची असेल तर त्याआधीच्या पावसाळ्यातच जागा ठरवून ठेवा.

माती परीक्षण करून सामू (पीएच), चुनखडी आणि सेंद्रिय कर्ब बघा. आपल्या बऱ्याच जमिनींचा सामू आठच्या आसपास असतो. जिरेनियम तेवढं सहन करतं, पण चुनखडी जास्त असेल तर लोह मिळत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथं चिलेटेड लोहाची फवारणी लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत नमुना द्या.

आधीचं पीक कोणतं होतं हेही विचारा. वांगी, टोमॅटो, भेंडी घेतलेल्या रानात मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी असण्याचा संभव मोठा. जिरेनियम तिला बळी पडतं आणि गाठी झालेल्या मुळांवर मर रोग लवकर चढतो. आपल्याला जमेल असा एक चांगला मार्ग आहे: त्या प्लॉटवर जून-जुलैत झेंडू लावा. दसरा-दिवाळीला फुलं विकली जातात, झेंडूमुळं सूत्रकृमी कमी होते, आणि झाडं रानात गाडून नोव्हेंबरात बेड करता येतात.

पायरी दुसरी: बेड

पिकाचं आयुष्य इथं ठरतं, त्यामुळं घाई करू नका. आडवी-उभी नांगरट, मोगडा, ढेकळं फोडणं हे नेहमीचं. एकरी चार-पाच टन चांगलं कुजलेलं शेणखत टाका. कच्चं शेणखत नको, त्यातून हुमणी आणि वाळवी येते. १०० किलो शेणखतात २ किलो ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत आठवडाभर झाकून ठेवा आणि एकरभर बेडवर पसरा. सोबत लिंबोळी पेंड दिली तर उत्तम.

दोन बेडच्या मध्यांत पाच फूट अंतर ठेवा. बेडचा माथा अडीच फूट रुंद, उंची सव्वा ते दीड फूट. ट्रॅक्टरच्या बेडमेकरनं जेमतेम नऊ इंच उंची मिळते, वरून फावड्यानं माती ओढून घ्यावीच लागते. पावसानं बेड बसतो, आज दीड फूट दिसतो तो पुढच्या सप्टेंबरात फूटभर उरतो. भारी जमिनीत बेडच्या मातीत मुरूम किंवा जाड वाळू मिसळली तर फायदा दिसतो. बेडचा माथा सपाट नको, मधे किंचित उंच आणि दोन्ही बाजूंना उतार असा हवा.

बेड उताराच्या आडवे काढायची आपली सवय आहे, कारण पाणी मुरवायचं असतं. इथं बेड हलक्या उताराच्या दिशेनं किंवा थोडे तिरके काढा आणि सऱ्या खालच्या टोकाला चारीत उघडा. चारी बेडच्या पायथ्यापेक्षा किमान अर्धा फूट खोल हवी आणि तिचं पाणी शेताबाहेर, शेततळ्यात किंवा नाल्यात गेलं पाहिजे. शेजाऱ्याच्या बांधाला पाणी लागणार असेल तर आधी बोलून घ्या. खालच्या टोकाला बंद असलेली सरी हे या पिकाच्या मरण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

पायरी तिसरी: रोपं

विकत घ्यायची असतील तर रोप ४५ ते ६० दिवसांचं असावं. ट्रेमधून एक रोप उपटून बघा. मुळं पांढरी हवीत, तपकिरी किंवा गाठाळ नकोत. खोडाचा बुंधा काळा पडलेला असेल तर ती मूळकूज आहे, त्या बेडमधलं एकही रोप घेऊ नका. पान चुरडून वास घ्या. शंभरातलं एक रोप बघून सौदा करू नका, वेगवेगळ्या कोपऱ्यांतले दहा ट्रे बघा.

घरी रोपं करणं कठीण नाही आणि पैसाही वाचतो. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत, पाऊस उघडल्यावर, निरोगी झाडाच्या शेंड्याकडच्या फांद्या घ्या. फांदी हिरवीगार लुसलुशीत नको, लाकूड झालेलीही नको, मधली. चार ते सहा इंच लांब, तीन-चार डोळ्यांची. डोळ्याच्या लगेच खाली धारदार ब्लेडनं काप द्या, खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा. ब्लेड दर काही फांद्यांनंतर स्पिरिटनं पुसा, कारण याच्या पानावर आणि खोडावर येणारा जिवाणूजन्य करपा ब्लेडमधूनच पसरतो.

मग कलमं दोन-तीन तास सावलीत पसरून ठेवा, कापाची जागा सुकू द्या. बरेच जण ताजं कलम लगेच ओल्या कोकोपीटमध्ये खोचतात आणि आठवड्यात बुंधा काळा होतो. जखम भरली की कूज कमी होते. कोकोपीट आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घेऊन ट्रे भरा. नुसतं कोकोपीट पाणी फार धरून ठेवतं. ५० टक्के शेडनेटखाली ठेवा, पहिले दहा दिवस हलका फवारा, त्यानंतर वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नाही. रोज झारीनं पाणी घालायचा मोह होतो, तो आवरा. तीन-चार आठवड्यांत मुळं सुटतात, सहा-आठ आठवड्यांत रोप रानात जायला तयार होतं. शेवटचे आठ दिवस शेडनेट काढून रोपं उन्हाला सरावू द्या.

पायरी चौथी: लावण

नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारीचा मध्य हा आपला काळ. थंडीत मुळं चांगली पसरतात आणि उन्हाळा यायच्या आत झुडूप भरतं. पाच फुटी बेडवर दोन ओळी, दोन रोपांत दीड फूट, ओळी एकमेकींना तिरकस. या अंतरानं दहा गुंठ्यांत सुमारे २,९०० आणि एकरात ११,६०० रोपं बसतात. दहा टक्के जास्तीची रोपं सावलीत राखून ठेवा, महिन्याभरात नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला लागतात.

आदल्या दिवशी ठिबकनं बेड भिजवा, लावण दुपार कलल्यावर करा. रोपाचा गड्डा मातीच्या पातळीला किंवा केसभर वर राहू द्या. खोडाला माती लावायची नाही. ऊस-हळदीला भर लावतात तशी इथं लावली तर खोड कुजतं.

पायरी पाचवी: पाणी, खत, तण

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड थोडं पाणी. त्यानंतर थंडीत तीन-चार दिवसांनी, मार्चपासून एक दिवसाआड, मे महिन्यात रोज थोडं. मिनिटांचा ठरलेला आकडा देण्यात अर्थ नाही, ड्रिपर वेगळा, जमीन वेगळी. बेडमध्ये चार बोटं खाली हात घाला. मातीची गोळी होऊन बोटानं दाबल्यावर फुटत असेल तर पाणी बरोबर आहे. गोळी चिकट राहिली तर दोन दिवस व्हॉल्व्ह उघडू नका. भर दुपारी पानं मलूल दिसली तरी घाबरू नका, संध्याकाळी ती वर येतात. सकाळी सूर्य उगवताना मलूल असतील तर मात्र झाड आजारी आहे.

खतात नत्र थोडं थोडं, दर कापणीनंतर विभागून द्या. एकदम युरिया मारला तर पाला वाढतो, पण पान पाणीदार होतं, तेलाचं प्रमाण घसरतं आणि कूज आत शिरते. स्फुरद, पालाश माती परीक्षणाच्या अहवालानुसार लावणीच्या वेळी.

तण पहिले दोन महिने हातानं काढा. खुरपं खोडाला लागलं तर त्या जखमेतून बुरशी जाते, म्हणून खोडाजवळ बोटांनीच उपटा. वासामुळं जनावरं याला सहसा तोंड लावत नाहीत, पण रानडुकरं गांडुळं-अळ्यांसाठी बेड उकरतात, तेव्हा कुंपणाचा विचार करावाच लागतो.

पायरी सहावी: कापणी

लावणीनंतर साधारण चार महिन्यांनी पहिली कापणी येते, म्हणजे नोव्हेंबरअखेर-डिसेंबरात लावलेल्या प्लॉटला मार्चअखेर ते एप्रिल. दिवस मोजण्यापेक्षा नाकावर विश्वास ठेवा. कोवळ्या पानाचा वास लिंबाकडं झुकतो. पीक तयार झालं की तोच वास गुलाबाकडं वळतो, पानाचा हिरवा रंग फिका पडतो आणि खालची काही पानं पिवळसर दिसायला लागतात. वळण आलं की आठवड्याच्या आत कापा. रोज एकाच वेळी, सकाळी दव गेल्यावर, प्लॉटच्या मधल्या भागातलं पान चुरडून बघायची सवय लावली तर हा बदल चुकत नाही.

कापणीआधी चार-पाच दिवस पाणी तोडा. ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी, धारदार कात्रीनं, जमिनीपासून सात-आठ इंच ठेवून कापा. प्रत्येक झाडावर दोन-चार पानांच्या फांद्या राहू द्या. पूर्ण बोडकं केलेलं झाड उन्हाळ्यात फुटायला फार वेळ घेतं, कधी फुटतच नाही. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवा, मग एकत्र करा, आणि त्याच दिवशी संपवा.

दुसरी कापणी मृगाचा पाऊस पडायच्या आधी, मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकून घ्या. बोर्डो फवारलेल्या जखमा पावसाआधी भरल्या पाहिजेत. जुलै-ऑगस्टमध्ये कात्री लावायची नाही, पाला कितीही माजलेला दिसला तरी. ओल्या हवेत जखम उघडी राहते, आणि त्या पाल्यात तेलही कमी असतं, म्हणजे झाड धोक्यात घालून फारसं हातात काही येत नाही. तिसरी कापणी पाऊस उघडून दोन-तीन आठवडे ऊन खाल्ल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

पायरी सातवी: पावसाळा

जूनच्या आत तीन कामं संपवा. बसलेल्या बेडना दोन्ही बाजूंनी माती ओढून उंची परत आणा, खोडाला न लावता. सगळ्या सऱ्या आणि चारी साफ करून खालचं तोंड उघडं आहे का ते टँकरभर पाणी सोडून किंवा मोटारीनं बघा. खोडाजवळचं आच्छादन काढून घ्या, उन्हाळ्यात ते उपयोगी होतं, पावसात कूज धरतं.

मोठा पाऊस चालू असताना फावडं घेऊन प्लॉटवर जा. पाणी कुठं अडतंय हे त्याच वेळी कळतं. पाऊस थांबल्यावर वापसा येईपर्यंत बेडवर पाय ठेवू नका, माती दाबली जाते आणि उरलीसुरली हवा निघून जाते. वापसा आला की ट्रायकोडर्मा ठिबकमधून सोडा. रासायनिक बुरशीनाशक वापरायचं ठरलं तर कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला आजारी झाड दाखवून, लेबलवरच्या मात्रेनंच.

सकाळी मलूल दिसणारं झाड उपटून बुंधा उभा चिरा. आत तपकिरी रेघा असतील तर मर रोग. बुंधा बाहेरून काळा, ओला आणि साल बोटानं निघत असेल तर मूळकूज. दोन्हींत झाड मुळाभोवतीच्या मातीसकट पाटीत घालून शेताबाहेर न्या आणि जाळा, बांधावर टाकू नका. त्या खड्ड्यात त्या हंगामात नवं रोप लावायचं नाही.

पुढच्या वर्षीच्या कलमांसाठी मातृवृक्ष वेगळे सांभाळा. हे काम शंभर-दीडशे झाडांपुरतं असतं, पण ते केलं तर रोपांसाठी पुन्हा कुणाच्या दारात जावं लागत नाही. उंच जागेवर बेड करून वर पारदर्शक पॉलिथिनचं छप्पर द्या, चारी बाजू उघड्या. बांबू आणि प्लास्टिक एवढंच सामान लागतं. पाऊस बाहेर पडतो, उजेड आणि वारा आत येतो. पावसाळ्यात मातृवृक्ष असेच झाकून वाचवण्याची स्वस्त पद्धत सीमॅपनं सांगितली आहे, आणि आपल्याकडं तिचा उपयोग उत्तर भारताइतकाच आहे. बाजू बंद करून हरितगृह करू नका, आत दमटपणा कोंडला की पानांवर बुरशी येते.

पायरी आठवी: तेल काढणं

कापलेला पाला सावलीत, ताडपत्रीवर वीतभर थरात रात्रभर पसरा. थोडा सुकला की वजन घटतं, टाकीत जास्त मावतो आणि वाफ सारखी फिरते. ढीग घातला तर आतून तापतो, आंबतो आणि तेलाला तो वास लागतो.

टाकी स्टेनलेस स्टीलची असावी. साध्या लोखंडाच्या टाकीत तेल काळवंडतं. पाला जाळीवर, पाण्याच्या वर राहिला पाहिजे. उकळत्या पाण्यात बुडाला तर तेलातले काही सुगंधी घटक फुटतात आणि वास बोथट होतो. भरताना कडेनं आणि मधे सारखा दाबा, नाहीतर वाफ मोकळ्या वाटेनं निघून जाते आणि अर्धा पाला कोरा राहतो. हिंगोली-वसमतकडं हळद वाफेवर शिजवणाऱ्यांना वाफेची ही चाल सांगावी लागत नाही, पण हळदीचा कुकर इथं चालत नाही, कारण त्याला वाफ थंड करून तेल-पाणी खाली उतरवणारा कंडेन्सर नसतो.

वाफ सुरू झाल्यावर बहुतेक तेल पहिल्या दीड-दोन तासांत येतं, तरी एकूण तीन ते चार तास चालू ठेवा. शेवटी येणारे जड घटकही तेलाच्या वासाला धरून ठेवतात. कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी कोमट असावं. हाताला चटका बसत असेल तर थंड पाण्याचा प्रवाह वाढवा, नाहीतर तेल हवेत चाललंय. उन्हाळ्यात हौदातलं पाणी स्वतःच तापलेलं असतं, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये वाफ पहाटे चालू करणं सोयीचं. खाली जमणाऱ्या सुगंधी पाण्यात थोडं तेल विरघळलेलं राहतं. ते फेकू नका, पुढच्या खेपेला टाकीतल्या पाण्यात परत घाला.

तेल पाण्यावर तरंगतं, पिवळसर-हिरवट असतं. नव्या तेलाला पहिल्या दिवशी कोबी शिजल्यासारखा उग्र दर्प येतो. अनेकांना वाटतं तेल बिघडलं. तो दर्प गंधकाच्या एका उडून जाणाऱ्या घटकाचा असतो. भांड्याचं तोंड पातळ कापडानं बांधून सावलीत एक-दोन दिवस हवा लागू द्या, तो जातो आणि खालचा गुलाबी वास वर येतो. मग निर्जल सोडियम सल्फेट घालून पाण्याचा अंश काढा, गाळा, आणि गडद काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बाटलीत काठोकाठ भरा. साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवू नका. उन्हापासून लांब, थंड खोलीत ठेवा. बाटलीवर प्लॉट, वाण, कापणीची तारीख आणि पाल्याचं वजन लिहा. उन्हाळी आणि पावसाळ्यानंतरचं तेल एकत्र करू नका, दोन्हींचा वास वेगळा असतो आणि खरेदीदाराला तो लगेच कळतो.

उरलेला पाला वाळवून पुढच्या खेपेला जळण होतो किंवा कंपोस्टमध्ये जातो.

विकण्याआधी गॅस क्रोमॅटोग्राफीची चाचणी करून घ्या. कन्नौजचं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र अशी तपासणी करतं. अहवालात सिट्रोनेलॉल आणि जिरेनिऑल यांचं प्रमाण बघतात. आंतरराष्ट्रीय व्यापारात या तेलासाठी आयएसओ ४७३१ हे मानक आहे. नमुना स्वतः सील करून पाठवा, तेवढाच दुसरा सीलबंद नमुना घरी ठेवा. खरेदीदारानं 'तुमच्या मालात खोट आहे' म्हणून भाव पाडला तर हा दुसरा नमुनाच कामाला येतो.

दोन कुंड्या लावणाऱ्यांसाठी

शेत नाही, गच्ची किंवा बाल्कनी आहे, त्यांनीही लावावं. तळाला भोक असलेली मातीची कुंडी, निम्मी माती, पाव शेणखत, पाव जाड वाळू. सकाळचं ऊन, दुपारची सावली, आणि जून ते सप्टेंबर छपराखाली. कुंडीखाली बशी ठेवू नका, तिच्यात पाणी साठतं. शेंडे खुडत राहिलं की झुडूप दाट होतं. नुसती कुंडी ठेवल्यानं डास पळतात असं सांगून विकतात, पण या गटातल्या 'डास पळवणाऱ्या' झाडाच्या चाचण्यांत डास त्याच्या पानांवरही बसलेले आढळले. घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला येणार नाही अशी ठेवा, पानं त्यांना बाधतात. आणि तेल मिळालं तरी ते थेट कातडीला लावू नका, आधी खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पातळ करा.

प्लॉट कधी मोडायचा

तीन वर्षांपर्यंत झाड चालतं. मोडायचा निर्णय वयावर नको, दर ऑक्टोबरला मोजणी करून घ्या. पावसाळ्यानंतर शंभरातली सत्तर झाडं उभी असतील तर नांगे भरून पुढं चला. त्याहून कमी असतील तर ऑक्टोबरची कापणी घ्या, निरोगी झाडांची कलमं काढा, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं झेंडू लावून जिरेनियम दुसऱ्या तुकड्यात न्या. मेलेली झाडं शेताच्या एकाच कोपऱ्यात दाटलेली दिसली, तर तो कोपरा पुढच्या लावणीतून वगळा, तिथं हरभरा घ्या.